गंजिफाची पानं आणि उघडं दार

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

रविवारी सकाळी माझ्याकडे चित्रकला शिकायला दहा-बारा जण येतात. काही शाळकरी मुलं, दोन-तीन गृहिणी आणि बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. गेली काही वर्षं इतर कामांबरोबर आम्ही गंजिफाची पानंही रंगवतो. पहिल्या दिवशीचा प्रश्न ठरलेला असतो, "बाई, ही पानं गोल का?" बरीच वर्षं मी या प्रश्नाला चित्रकलेच्या शिक्षिकेचं उत्तर देत असे. गोलात आकृती कशी बसते, कडेची वेलबुट्टी नजर आत कशी वळवते, वगैरे. हे उत्तर अपुरं आहे, हे मला फार उशिरा कळलं. ते कसं कळलं, हे सांगण्याआधी गंजिफा म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण हा शब्द ऐकलेले पुष्कळ असले तरी पानं हातात घेतलेले थोडेच आहेत.

गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले पत्ते. नाव फारसी. बाबराने 1527 मध्ये सिंधमधल्या शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मुघलांच्या जोडात 96 पानं असत, आपल्याकडे त्याला चंगकांचन म्हणत. पुढे या परक्या खेळाला आपल्या लोकांनी आपला वेश चढवला आणि दशावतारी गंजिफा तयार झाली. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार आणि प्रत्येकाची बारा पानं, म्हणजे एकूण 120. प्रत्येक अवताराचा एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं. आपल्या नेहमीच्या पत्त्यांत जसं बदाम आणि इस्पिक, तसं इथे मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, परशुरामाच्या पानांवर परशू. शिवाय प्रत्येक अवताराच्या जमिनीचा रंग वेगळा. नवग्रहांचीही गंजिफा असते, तिची पानं 108.

महाराष्ट्रात ही कला टिकली ती सावंतवाडीत. तिथल्या चितारी घराण्यांचा लाखकाम आणि रंगकाम हा पिढीजात धंदा. लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गल्लीला चितारआळी हे नाव त्यांच्यावरूनच पडलं. पण छापील, स्वस्त, बावन्न पानी पत्ते घरोघर आले, तसं गंजिफाचं गिऱ्हाईक संपत गेलं. हाताने रंगवलेल्या 120 पानांनी छापखान्याशी स्पर्धा करायची तरी कशी? 1959च्या सुमारास सावंतवाडीत हे काम पूर्णपणे जाणणारे पुंडलीक चितारी हे एक वृद्ध कारागीर तेवढे उरले होते.

इथे जे घडलं ते मला फार मोलाचं वाटतं. राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून हे काम शिकून घेतलं. राजाश्रय म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येते ती थैली, फार तर एखादं इनाम. इथे आश्रयदातेच शिष्य होऊन बसले. राणीने कारागिराकडून कुंचला धरायला शिकणं ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. मग तरुण मुलांना हाताशी धरून राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये काम सुरू झालं. सत्त्वशीलादेवी 2018 मध्ये गेल्या. ज्या हॉलमध्ये पूर्वी मानकरी बसत, त्याच हॉलमध्ये कारागिरांनी मांडी घालून पानं रंगवायची आणि मोती तलावावरून फिरत आलेल्या माणसाने ती जवळून पाहायची, अशी ही व्यवस्था. आजच्या भाषेत याला 'ओपन स्टुडिओ' म्हणतात. आपल्याकडे या प्रकाराला नाव नव्हतं, एवढंच.

पान कसं तयार होतं ते थोडक्यात सांगते. पूर्वी कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवत. आता बहुधा जाड कागद वापरतात. त्यावर खडूचं अस्तर देऊन ते वाळलं की गुळगुळीत दगडाने घोटायचं. मग गोल कापून जमिनीचा रंग द्यायचा, कडेची पट्टी काढायची आणि नंतर आतलं चित्र. शेवटी लाखेचा हात. राजाच्या चेहऱ्यावरची भुवई एका केसाच्या जाडीची असते आणि ती एकाच फटक्यात यावी लागते. दुसरा फटका मारला की राजा रागावलेला दिसतो! पिढीजात कारखान्यांत मूल याच क्रमाने शिकत जातं. आधी खळ आणि घोटाई, मग जमीन, मग कडा, मग मासे-कासवं. चेहऱ्यापर्यंत पोचायला वर्षं जातात.

मग दोन तासांच्या वर्गात माणूस शिकतो तरी काय? खरं सांगायचं तर गंजिफा शिकत नाही. पण दुसरं काहीतरी शिकतो, आणि ते मी अनेकदा पाहिलं आहे. प्रदर्शनात लोक पानांचा जोड उचलतात, किंमत विचारतात आणि 'बापरे' म्हणून खाली ठेवतात. काही जण घासाघीस करतात. पण ज्याने एकदा माझ्या वर्गात बसून एकाच पानाची कडा काढली आहे, तो घासाघीस करत नाही. आमचे बँकवाले गृहस्थ पहिल्या दिवशी दोन तास एका कडेशी झटले. ती कडा शेवटी जिथे सुरू झाली तिथे येऊन मिळालीच नाही. ते म्हणाले, "बाई, अशी 120 पानं? आणि त्या किमतीला मी महाग म्हणालो होतो?" पुढच्या सुट्टीत सावंतवाडीला जाऊन त्यांनी एक जोड विकत आणला.

म्हणूनच कारागिराने दार उघडं ठेवावं असं मला वाटतं. पण याला दुसरी बाजू आहे आणि ती कारागिरांच्या तोंडून ऐकलेली आहे. "आज शिकवलं तर उद्या हाच माणूस नक्कल करून स्वस्तात विकेल," ही भीती खोटी नाही. संगणकावरून छापलेली, लांबून गंजिफासारखी दिसणारी पानं मी स्वतः पाहिली आहेत. सावंतवाडीच्या गंजिफाला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे 'सावंतवाडी गंजिफा' हे नाव कुणीही उठून आपल्या मालाला लावू शकत नाही. मानांकनाने नावाची राखण होते; ते नवा कारागीर घडवत नाही. तुम्ही-आम्ही घरी हौसेने पान रंगवायलाही त्याची आडकाठी नाही.

दुसरी तक्रार पैशाची. कारागीर दिवसभर शिकवतो, त्या दिवशी त्याच्या हातून एक पानही होत नाही. मी नोकरीत असताना एका शाळेने एका कारागिराला मुलांपुढे प्रात्यक्षिकासाठी बोलावलं होतं. त्याने चार तास शिकवलं, मुलं खूश झाली. शेवटी त्याला शाल आणि श्रीफळ मिळालं, टाळ्या मिळाल्या. एसटीचं भाडं त्याने पदरचं घातलं. बोलावणाऱ्यांत मीही होते, म्हणून हे सांगते आहे. शाल त्याने घडी करून पिशवीत ठेवली आणि मला नमस्कार केला, तो मला अजून आठवतो. तेव्हापासून माझ्या वर्गात कुणी कारागीर यायचा असेल तर त्याच्या दिवसाचं मोल आधी ठरतं, मग तारीख.

आता त्या गोल पानांकडे वळते. त्याचं उत्तर मला सुचलं ते पिंगुळीला. सावंतवाडीहून उत्तरेला कुडाळच्या बाजूला हे गाव आहे. तिथल्या ठाकर समाजाच्या चित्रकथी आणि बाहुल्यांच्या कलेलाही सावंतवाडीच्या संस्थानाचाच आश्रय होता. परशुराम गंगावणे यांनी 2006 मध्ये आपल्या घरच्या गोठ्याचं संग्रहालय केलं आणि दार सगळ्यांना खुलं ठेवलं. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चित्रकथी म्हणजे कथेतल्या प्रसंगांची चित्रं. ती एकामागून एक पुढे धरायची आणि वाद्यांच्या साथीने गोष्ट गाऊन सांगायची. चित्रांच्या अशा संचाला पोथी म्हणतात. एकटं चित्र पाहिलं तर त्यातले मोठाले डोळे, बाजूला वळलेले चेहरे थोडे विचित्र वाटतात. पण सांगणारा गायला लागला, चित्र बदललं, की कळतं, हे डोळे लांब बसलेल्या माणसाला दिसावेत म्हणून मोठे आहेत. ते लोकांपुढे धरण्यासाठी काढलेलं चित्र आहे, भिंतीवर लावण्यासाठी नव्हे.

आंबोलीचा घाट चढून कोल्हापूरला परतताना माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. आपण इतकी वर्षं गंजिफा रंगवतो आहोत, पण खेळलो कधी? एकदाही नाही. माझ्याच नव्हे, माझ्या ओळखीतल्या कुणाच्याही घरी गंजिफाचा डाव मांडलेला मी पाहिला नव्हता. जोड भिंतीवर चौकटीत असतात, नाहीतर कपाटात. म्हणजे कला वाचली, पण ती ज्या कामाची होती ते काम बंद पडलं. आणि आम्ही शिक्षक मंडळी फक्त माशाचे कल्ले शिकवत बसलो होतो.

म्हणून मी वर्गाला खेळ शिकवायचं ठरवलं. नियम तसे सोपे आहेत. तिघं खेळतात, प्रत्येकाला 40 पानं. दिवसा खेळत असाल तर ज्याच्याकडे राम असेल त्याची उतारी, रात्री खेळत असाल तर ज्याच्याकडे कृष्ण असेल त्याची. ज्या अवताराचं पान उतरलं असेल, त्याच अवताराचं वरचढ पान हात घेतं. गोंधळ आहे तो एका ठिकाणी. निम्म्या अवतारांत प्रधानाच्या खालोखाल दश्शी मोठी, तर उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा आणि दश्शी सगळ्यांत लहान. नशिबापेक्षा स्मरणशक्तीचा खेळ. कोणती पानं गेली, हे ध्यानात ठेवणारा जिंकतो.

सतरंजीवर पांढरी चादर अंथरून आम्ही बसलो आणि पहिल्या दहा मिनिटांतच मला माझं जुनं उत्तर परत घ्यावं लागलं. 120 जाड पानं नेहमीच्या पत्त्यांसारखी हातात पिसताच येत नाहीत. ती चादरीवर पालथी पसरून दोन्ही तळव्यांनी ढवळावी लागतात. तिथे चौकोनी पानांचे कोपरे दोन रविवारांत मोडले असते. पूर्वी चौकोनी गंजिफाही होत्या, पण गोल पान ढवळायला किती सोयीचं ते हाताला लगेच कळतं. 40 पानं एका हातात धरायची तर ती एकमेकांवर सरकवून धरावी लागतात, प्रत्येकाची जेमतेम कडेची चंद्रकोर दिसते. म्हणून तर कडेलगत जमिनीचा रंग एवढा ठसठशीत! लाखेने पानं सरकतात आणि घामट हातांनी रंग जात नाही. हे सगळं मी पुस्तकात वाचलं नव्हतं असं नाही, पण वाचून ते मुलांना पटवता आलं नव्हतं.

आमच्या वर्गात आठवीतला एक मुलगा आहे. हात फार सुंदर आहे त्याचा. मत्स्याची सगळी पानं त्यानेच रंगवली होती. नवाच्या पानावर त्याने मासे मोठ्या हौसेने वळवले होते, कुणाची शेपटी वर, कुणाचं तोंड मागे. मी तेव्हा त्याचं कौतुक केलं होतं. डावात त्याच्याच बहिणीने ते पान आठाचं समजून टाकलं आणि तिचा हात गेला. चांगलं भांडण झालं. "आठ दिसतात रे, आठ!" ती म्हणत होती. तो बोटाने नऊ मोजून दाखवत होता.

पुढच्या रविवारी तो नवं पान घेऊन आला. तीन ओळी, प्रत्येकीत तीन मासे, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला. जुनं पान त्याने टाकलं नव्हतं, माझ्या टेबलावर ठेवून गेला. नवं पान बहिणीसमोर झटकन धरून झटकन पालथं केलं आणि विचारलं, "किती?"

"नऊ," ती म्हणाली, "आता वाट."