सूत्रधाराच्या गळ्यातलं नाटक

५ नोव्हेंबरला माधवनगरातली नाटकवेडी मंडळी संध्याकाळी सांगलीच्या भावे नाट्यमंदिराकडे वळतात. त्या दिवशी तिथं विष्णुदास भावे गौरव पदक दिलं जातं. पदक कुणाला मिळालं याची चर्चा रात्री उशिरापर्यंत चालते; ज्यांच्या नावाचं पदक, ते भावे मात्र टाळ्यांत हरवतात.

विष्णू अमृत भावे सांगली संस्थानच्या पदरी होते. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी तसं काही मराठीत करायला त्यांना सांगितलं. १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ उभं राहिलं. (तंजावरच्या भोसले राजांनी मराठी नाटकं त्याच्या कितीतरी आधी लिहिली होती, पण ती तिकडंच राहिली.)

भाव्यांनी लिहिली ती पदं. बोलणं नटानं ऐन वेळी स्वतःचं करायचं. सूत्रधार झांजा-मृदंगाच्या साथीनं एका कडेला उभा राहून आख्यान गाणार, पात्रं त्यावर अभिनय करून चार वाक्यं बोलणार. विदूषकाची थट्टा, मग गणपती, मोरावरची सरस्वती, आणि आरोळी ठोकत राक्षस! त्या आरोळीवरूनच या खेळांना पुढच्यांनी ‘अललडुर्र’ म्हणून हिणवलं. मला हे हिणवणं कोतं वाटतं. कीर्तनाच्या चालीवर रात्रभर प्रेक्षक बसवून ठेवणारा माणूस संगीतकारच होता, फक्त गाणारा गळा एकच ठेवला होता. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतला’त पदं पात्रांच्या तोंडी दिली आणि संगीत नाटकाची वाट मोकळी झाली.

१८५१ मध्ये आप्पासाहेब गेले. दरबाराचा हात आखडला. भाव्यांनी मंडळी घेऊन फिरतीची वाट धरली. पोरं सांभाळायची, स्त्रीवेषाची मुलं टिकवायची, गावोगावी बिऱ्हाड थाटायचं. १८५३ मध्ये ते मुंबईत पोचले आणि ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून खेळ केले. माझ्या लेखी ही घटना १८४३ इतकीच मोठी आहे. राजाच्या खर्चानं चालणारं नाटक इथं प्रेक्षकाच्या खिशावर उभं राहिलं.

पुढं त्यांनी मंडळी सोडली. पदांचा संग्रह १८८५ मध्ये छापला. १९०१ मध्ये ते गेले. लाकडी बाहुल्या करण्यातही त्यांचा हात बसलेला होता. त्यांच्या त्या बाहुल्या पुढं रामदास पाध्ये यांनी दुरुस्त करून पुन्हा नाचवल्या.