तापते, गंजते, तरी थांबवते!

दोन टनांची जुनी फोर-बाय-फोर ताशी ८० किलोमीटरच्या वेगात आहे. ब्रेक मारून ती पूर्ण थांबवली, तर जी उष्णता निघते तिच्यावर दीड लिटर पाण्याला उकळी येईल! त्यातली बरीचशी पुढच्या दोन डिस्क सोसतात, कारण ब्रेक लागला की गाडीचा भार पुढे येतो. जुन्या गाड्यांत पुढे डिस्क नि मागे ड्रम दिसतात ते यामुळेच.

डिस्क ब्रेकचं पेटंट इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरनं १९०२मध्येच घेतलं होतं. पण त्याचा बोलबाला झाला १९५३ साली. ल मान्सची २४ तासांची शर्यत डिस्क ब्रेकवाल्या जॅग्वारनं जिंकली!

रात्रभर पाऊस पडला आणि सकाळी डिस्कवर तांबूस थर दिसला? घाबरू नका. डिस्क बिडाची, ती गंजणारच. दोन-चारदा ब्रेक दाबले की पुन्हा चकचकीत. त्रासदायक गंज मागे लपतो, डिस्क जिथे हबला टेकते तिथे. त्याचा पापुद्रा राहिला किंवा नट कमी-जास्त आवळले गेले, की डिस्क केसभर तिरकी बसते. मग फिरताना पॅडला एकाच जागी घासून तिथे पातळ होत जाते. काही हजार किलोमीटरनंतर ब्रेक मारताना पॅडल थरथरतं आणि गॅरेजात निदान होतं, ‘डिस्क वाकली!’ बहुतेक वेळा ती वाकलेली नसतेच, फक्त तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. हा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजतात, तरी पायाला जाणवतो! म्हणून नवी डिस्क बसवण्याआधी हब तारेच्या ब्रशनं लख्ख घासून घ्या, नट समोरासमोरचे आवळा, तेही टॉर्क पान्ह्यानं.

अशी डिस्क सपाट करायला लेथवर देण्याआधी डिस्कवर कोरलेला किमान जाडीचा आकडा जरूर वाचा. त्याखाली गेलेली डिस्क थेट भंगारात.

टोयोटाच्या लँड क्रूझर ८०मध्ये तर पुढची डिस्क हबलाच बोल्टनं जोडलेली. बदलायची तर अख्खा हब उतरवावा लागतो. मग बेअरिंग धुऊन नवं ग्रीसही त्याच वेळी भरून घ्यावं.

आंबोलीसारखा घाट उतरताना जुन्या ड्रायव्हरांचा नियम पाळा: चढाला जो गिअर, उताराला तोच. डिस्क कमी तापते आणि ब्रेक निकामी करणारी ब्रेक ऑइलची उकळीही टळते. हे ऑइल मात्र हवेतली ओल शोषत राहतं. डॉट ३ ऑइल नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओल धरल्यावर ही मर्यादा १४० अंशांवर येते. तुमच्या गाडीतल्या ऑइलला दोन वर्षं झाली असतील, तर पुढच्या घाटाआधी ते बदलून घ्या.