सोमवार, तीन ते पाच

सकाळी ६.१५, बडनेरा

पिशवी रात्रीच भरलेली असते. तरी काकू सकाळी ती पुन्हा उपसतात. माहिती अधिकाराचे कोरे अर्ज, म्हणजे जोडपत्र 'अ'. दहा रुपयांच्या कोर्ट फी तिकिटांची पट्टी. दोन निळे पेन, एक पेन्सिल, अंगठ्यासाठी स्टॅम्प पॅड, गोंदाची बाटली, टाचण्या. फडक्यात गुंडाळलेलं भिंग. डब्यात ज्वारीची भाकर आणि झुणका. पाण्याची बाटली ठेवली की पिशवीचा बंद खांद्यात रुततो.

काकू पन्नाशीच्या पुढच्या. कचेरीबाहेर बसून अर्ज लिहितात आणि लोकांचे जुने कागद शोधून देतात. टेबल आधी नवऱ्याचं होतं. तो गेल्यावर त्या बसू लागल्या. मंगळवार ते शुक्रवार अमरावती. सोमवार मात्र अकोल्याचा.

सकाळी ७.३०, गाडीत

मासिक पास आहे. जागा मिळाली नाही तर दाराशी पिशवीवरच बसतात.

मूर्तिजापूर आलं. समोरच्या बाकावरचा माणूस पणजोबांच्या जमिनीचा कागद शोधतोय. अकोल्यात दोन चकरा झाल्या, कागद नाही. काकूंनी विचारलं, "साल कोनतं?" तो म्हणाला, १९०० च्या आसपास. "मंग अकोल्यात कायले शोधता? तवा मूर्तिजापूर अमरावतीत होतं."

खरंच होतं. १९०५ साली वऱ्हाडचे सहाचे चार जिल्हे झाले. मूर्तिजापूर तालुका अमरावतीतून निघून अकोल्याला जोडला गेला. एलिचपूर जिल्हा मोडून अमरावतीत आला, वाशीम जिल्हा मोडून अकोल्यात. पुढे १ जुलै १९९८ ला वाशीम पुन्हा वेगळा झाला. दर वेळी गावं एका रेघेसरशी इकडून तिकडे गेली. कागद मात्र काही गेले, काही जुन्याच कपाटात राहिले. मंगरूळपीरचा माणूस आजोबांच्या कागदासाठी अजून अकोल्याला येतो, तो यामुळेच. काकूंच्या डोक्यात हा सगळा नकाशा आहे, सालासकट. लोक पैसे देतात ते अक्षराला नाही, या नकाशाला देतात, असं मला त्यांच्याजवळ बसून वाटलं.

सकाळी ९.४५, अकोला तहसीलबाहेर

कचेरीची वेळ पावणेदहा ते सव्वासहा. पाच दिवसांचा आठवडा झाला तेव्हापासून, २०२० पासून. काकूंचं टेबल मुद्रांकवाल्याच्या पत्र्याखाली. त्या जागेचे दिवसाला पन्नास रुपये.

जून लागलाय. ऊन अजून उतरलेलं नाही. पत्रा दहालाच तापतो. गर्दी दोन प्रकारची, बियाण्याच्या घाईतली आणि अॅडमिशनच्या घाईतली.

पहिला एक तरुण. सातबारा पाहिजे. काकू त्याला अर्ज लिहून देत नाहीत. "मोबाइलवर काढ ना बाबू. पंधरा रुपयांत सहीचा उतारा निघते." त्याला कॉम्प्युटरवाल्या पोराकडे पाठवतात. मिळाले असते ते तीस रुपये गेले.

नक्कल अर्जाचे तीस. माहिती अधिकाराच्या अर्जाचे पन्नास, तिकीट वेगळं. अपिलाचे शंभर. दर पुठ्ठ्यावर लिहून टेबलाला बांधलेत.

सकाळी १०.३०

आजोबा आणि नात. खारपाणपट्ट्यातलं गाव, पूर्णेकडचं. एसटीनं आले. आजोबा पंच्याहत्तरीच्या वरचे, त्यांना तिकीट नाही. पोरीला अर्धं. बाप पेरणीच्या तयारीत, म्हणून आजोबा आलेत. पोरगी बारावी झालीय, इंजिनिअरिंगला जायचंय. जात पडताळणीचं प्रमाणपत्र अडलंय.

"शाळेच्या दाखल्यावर जातच नाई लिहिली, बाई. निस्तं 'हिंदू' हाय."

जात माळी, इतर मागासवर्ग. म्हणजे १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागणार. विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, जमातींना ६ सप्टेंबर १९५०. या तारखा काकू पाढ्यासारख्या म्हणतात.

"जल्म कवाचा, आबाजी?"

"एक जुलै अट्ठेचाळीस."

"ते गुरुजीनं लिहेल हाय. माय काय सांगे?"

आजोबा थांबतात. टोपी काढून पुन्हा घालतात. "गांधीबाबा गेले तवा म्या चालत होतो म्हने. अन् जल्म दिवाईनंतरचा."

काकू बोटं मोजतात. गांधीजी गेले ३० जानेवारी १९४८ ला. पोर चालत होतं, म्हणजे वर्षाच्या वरचं. त्याआधीची दिवाळी ४७ ची, ती फार जवळची. मग ४६ ची. अर्जावर लिहितात: कोतवाल बुक, जन्म नोंद, सन १९४६, ऑक्टोबर ते डिसेंबर. खाली मौजा, तालुका, वडिलांचं नाव, अर्जदाराशी नातं. आधारची झेरॉक्स, दोन रुपये.

"१९४० ते १९५० लिहिलं असतं तं?" मी विचारतो.

"दहा वर्साचे बस्ते कोन सोडंल? अन् काहून सोडावं? त्या मानसालेई जेवन हाय."

या शोधाचे त्या तीनशे घेतात. नोंद सापडली तरच.

सकाळी ११.२०, अभिलेख कक्षाच्या दाराशी

अर्ज आत गेला. बाकावर आठ-दहा जण. मधेच आतून गावाचं नाव पुकारलं जातं आणि तेवढा एक माणूस उठतो.

काकू बसून राहत नाहीत. बाकावरच दोघांचे नक्कल अर्ज लिहितात, गुडघ्यावर पुठ्ठा ठेवून. मग कॉम्प्युटरवाल्या पोराला फोन. महसूल खात्यानं जुन्या कागदांचं स्कॅनिंग केलं, त्यात सुरुवातीच्या सात जिल्ह्यांमध्ये अकोला आणि अमरावती दोन्ही होते. 'आपले अभिलेख'वर आजोबांच्या वडिलांचा फेरफार बघायला सांगतात. त्यात जात नसेल. पण बापाचं नाव, आज्याचं नाव, गाव एका कागदावर येईल, आणि तोच दुवा जोडायला लागतो.

दुपारी १२.४०

पुकारा आला. शिपायानं बस्ता आणला. लाल फडकं, गाठ वर्षानुवर्षं तीच. उघडल्यावर आधी धूळ, मग डांबरगोळीचा वास.

लिपिकच पानं उलटतो. दोन्ही हातांनी, खालून आधार देऊन. कागद चहाच्या रंगाचा झालाय, कडा झडतात. रकाने हातानं आखलेले. अनुक्रम, तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी. मुलाचं नाव नाही. नाव ठेवायच्या आधीच कोतवाल नोंद घेऊन गेलेला असे. गावात त्या महिन्यात झालेली सगळी पोरं अशी बिननावाची, एकाखाली एक.

ऑक्टोबर संपला. काकू भिंग धरून वाकल्यात, पानाला हात न लावता. नोव्हेंबर. बोट हवेतच एका ओळीवर थांबतं. आजोबांच्या बापाचं नाव, 'वल्द', त्याच्या बापाचं नाव. जात, माळी. शेवटच्या रकान्यात, मुलगा.

नातीनं तीनदा वाचलं. आजोबांना चष्मा नाही, तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं.

"म्हंजे म्या दीड वर्सानं मोठाच हाओ," आजोबा म्हणाले. लिपिकसुद्धा हसला.

लगेच नकलेचा अर्ज. गुरुवारी मिळेल.

दुपारी १.३०

डबा. आजोबांना अर्धी भाकर देतात. ते नको म्हणून घेतात.

काकूंना मोडी येते. पुराभिलेख विभागाच्या वर्गात शिकल्या, चाळिशीनंतर. आधी ओळभर रेघ मारायची, मग अक्षरं तिच्याखाली लटकवत जायची, हात शक्यतो न उचलता. ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नसतो. नावं अंदाजानं नाही, गाव ओळखून वाचावी लागतात. एकदा त्यांच्यापुढे १९१८ ची नोंदवही आली होती. इन्फ्लुएंझाचं साल. त्या साथीनं देशात सगळ्यांत जास्त झोडपलेल्या भागांत मध्य प्रांत-वऱ्हाड होता. त्यांना जन्माची एक ओळ पाहिजे होती आणि ती सापडेपर्यंत मृत्यूची पानं उलटावी लागली. कारणाच्या रकान्यात ताप, ताप, ताप. एकाच घरातले चार. पुढे पुढे अक्षर बदललं. "लिहिनाराच गेला असंल," काकू म्हणतात आणि डबा धुवायला उठतात.

असा कागद जपणं हे कचेरीच्या कामातलं मला सगळ्यांत मोठं काम वाटतं. लाल फडकं दरसाल झटकणाऱ्या माणसाचं नाव कोणी विचारत नाही.

दुपारी २.४०

ऑटो, वीस रुपये. जिल्हा परिषदेकडे. बरोबर खारपाणपट्ट्यातलेच एक शेतकरी, चाळिशीचे. गावात जलजीवनची पाइपलाइन झाली, शेवटच्या आळीत पाणी चढत नाही. त्यांना मोजमाप पुस्तिका पाहायची आहे. सोमवार त्यासाठीच. २६ नोव्हेंबर २०१८ चा शासन निर्णय आहे. दर सोमवारी तीन ते पाच, जिल्ह्याच्या आणि त्याखालच्या कार्यालयांत, स्थानिक स्वराज्य संस्थांत नागरिकाला अभिलेख पाहता येतात, फी न भरता. सोमवारी सुटी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. किती जणांना माहीत आहे? त्या दुपारी तिथे आम्हीच होतो.

दुपारी ३.०५

फाइल आली. तीन इंच जाड. शेतकरी घाबरले.

"सगळी नोका वाचू," काकू म्हणतात. "पयले अनुक्रमणिका. मंग एमबी. बाकी राहू द्या."

मोजमाप पुस्तिकेत खोदाईची लांबी, रुंदी, खोली. पाइपाचा व्यास. तारीख, सही. शेतकरी पेन्सिलनं वहीत उतरवतात. लांबीचा आकडा लिहिताना ओठ हलतात. गावातला रस्ता त्यांनी पावलांनी मोजलाय. आता टेपनं मोजणार. कोणती पानं लागतील त्यांचे क्रमांक काकू वेगळ्या कागदावर घेतात. फाइल बघायच्या आधी अर्ज केला तर माणूस 'संपूर्ण माहिती द्यावी' लिहितो आणि पाचशे पानांचे हजार रुपये भरायची चिठ्ठी घरी येते. बघून केला तर नऊ पानं, अठरा रुपये.

दुपारी ४.५०

अर्ज तिथेच लिहिला. एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा. काकूंचा अर्ज साठ शब्दांत संपतो. त्यात 'का' हा प्रश्न नाही, तक्रार नाही. पुस्तिकेचा क्रमांक, पान क्रमांक, छायाप्रती द्याव्यात. दहाचं तिकीट. आवक शाखेत दिला, पोचवर शिक्का घेतला. शिक्क्याची तारीख पुसट उठली होती. काकूंनी पुन्हा मारून घेतला.

"तीस दिवस. नाई आलं तं पुढच्या तीस दिवसांत पयलं अपील, वीसचं तिकीट. त्याच्यानंतर आयोग, आपल्या अमरावतीलेच खंडपीठ हाय. हे पोच फ्रिजवर नोका ठेवू. पेटीत ठेवा."

संध्याकाळी ५.४५, स्टेशन

बाकावर हिशेब. माहिती अधिकाराचे दोन अर्ज, शंभर. नक्कल अर्ज चार, एकशेवीस. सकाळी एक अपील, शंभर. शोधाचे तीनशे. एकूण सहाशेवीस. वजा जागेचे पन्नास, ऑटो चाळीस, चहा वीस, कागद-गोंद तीस. उरले चारशेऐंशी. रोज तीनशेचा शोध येत नाही. पावसाळा लागला की पेरणीपुरते लोक येतच नाहीत, आणि ऑगस्टमध्ये अॅडमिशन संपतात.

रात्री ८.३०, बडनेरा

जेवण झालं. टीव्ही चालू, आवाज बंद. काकू आजोबांच्या घरची वंशावळ आखताहेत. वर आजोबांचे आजोबा, खाली आजोबांचे वडील, मग आजोबा, पोरीचा बाप, पोरगी. प्रतिज्ञापत्राला जोडायची आहे. एका चुलत्याचं नाव राहिलंय. फोन लावतात.

पोरगीच उचलते. आजोबा झोपले. चुलत्याचं नाव ती विचारून सांगते, मग काना-मात्रेसकट पुन्हा सांगते. शाळेत जसं लिहिलंय तसंच ना, काकू विचारतात. पोरगी दाखला शोधायला आत जाते. काकू फोन कानाशी धरून पेन्सिलीला टोक करतात.