हा सल्ला कोणत्या सालचा?



दहावीचा निकाल लागला, अकरावी सायन्सला प्रवेश मिळाला, की घरात सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. रविवारी जेवायला चार माणसं जमली तर काय काय ऐकू येतं, पाहा.

मामा म्हणतो, "बारावीचे मार्क सांभाळ. बाकी सगळं आपोआप होतं."

आतेभाऊ म्हणतो, "बोर्डाचं काय घेऊन बसलीस? जेईई मेनचा अभ्यास कर. प्रवेश त्यावरच मिळतो."

मावसबहीण म्हणते, "गोळे भरायची प्रॅक्टिस कर गं. माझा किती वेळ त्यातच गेला!"

तेवढ्यात शेजारच्या काकू डोकावतात, "येत नसेल तो प्रश्न सोडून द्यायचा बरं का! उगाच मार्क कापले जातात."

आता सांगा, यातलं खरं कुणाचं? गंमत अशी की खोटं कुणीच बोलत नाही! फक्त प्रत्येक जण वेगवेगळ्या परीक्षेबद्दल बोलतोय.

मामा बारावी झाला १९९५ साली. तेव्हा महाराष्ट्रात इंजिनिअरिंग आणि मेडिकलचे प्रवेश बारावीच्या मार्कांवर होत. त्याचं म्हणणं त्याच्या काळात शंभर टक्के बरोबर होतं. पुढे सीईटी आली. आतेभाऊ बारावीला होता २०१४ साली. त्या वर्षी आणि २०१५ साली राज्यातल्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी सीईटी नव्हती, जेईई मेनचे गुण धरले जात. २०१६ पासून सीईटी परत आली. मावसबहिणीनं ती दिली २०१८ साली, कागदावर, ओएमआर उत्तरपत्रिकेत पेनानं गोळे रंगवून. आणि काकूंच्या मुलानं दिली ती नीट, म्हणजे डॉक्टर होण्यासाठीची परीक्षा. तिथे बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकलं तर १ गुण खरोखरच कापला जातो.

म्हणून सल्ला देणाऱ्याला आदरानं एक प्रश्न विचारायला शिका : "मामा, हे कोणत्या सालचं? आणि कोणत्या परीक्षेचं?"

तुमची परीक्षा कशी आहे?

आपण एमएचटी-सीईटीबद्दल बोलू, कारण इंजिनिअरिंग, फार्मसी आणि कृषी शाखांकडे जाणारी आपल्याकडची बहुतेक मुलं ती देतात. २०१९ पासून ही परीक्षा संगणकावर होते. फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स घेणाऱ्यांना एकूण १५० प्रश्न असतात. पहिल्या ९० मिनिटांत फिजिक्सचे ५० आणि केमिस्ट्रीचे ५०, प्रत्येकी १ गुणाचे. पुढच्या ९० मिनिटांत मॅथ्सचे ५०, प्रत्येकी २ गुणांचे. एकूण गुण २००. बायोलॉजीवाल्यांना मॅथ्सऐवजी १ गुणाचे १०० प्रश्न असतात, तेही ९० मिनिटांतच.

आता वही-पेन घ्या आणि भागाकार करा. ९० मिनिटं म्हणजे ५४०० सेकंद. फिजिक्स-केमिस्ट्रीच्या एका प्रश्नाला मिळतात ५४ सेकंद, मॅथ्सच्या प्रश्नाला १०८. बोर्डाच्या पेपरात तुम्ही एखादं गणित सात-आठ मिनिटं शांतपणे सोडवता, पायऱ्या मांडता, पायऱ्यांचे मार्कही मिळतात. इथे पायऱ्यांना काही नाही, फक्त उत्तर बघतात. विषय तोच, पुस्तकंही तीच, पण खेळ वेगळा. कसोटी क्रिकेट खेळणाऱ्याला एकदम वीस षटकांच्या सामन्यात उतरवावं, तसं! त्यामुळे धडा समजला की त्याच दिवशी घड्याळ लावून त्यावरचे वीस प्रश्न सोडवा. समजणं आणि वेळेत जमणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरी गोष्ट अकरावीची. "अकरावी म्हणजे रेस्ट इयर" हा सल्ला तर अजूनही कॉलेजच्या कट्ट्यावर फुकट मिळतो. पण सीईटीत साधारण २० टक्के भार अकरावीच्या अभ्यासक्रमाला असतो. २०० पैकी सुमारे ४० गुण! अकरावीचे सगळे धडे त्यात नसतात. नेमके कोणते असतात त्याची यादी सीईटी कक्ष जाहीर करतो. ती यादी मिळवा आणि त्या धड्यांवर आत्ताच खूण करून ठेवा. बारावीचं वर्ष संपताना ते पहिल्यापासून वाचायला वेळ नसतो.

कोऱ्या अकरा जागा

माझ्या ओळखीच्या एका मुलीची गोष्ट सांगते. हुशार मुलगी. दोन वर्षं तिनं चुकल्यावर गुण कापणाऱ्या परीक्षांचे सराव पेपर सोडवले होते. "खात्री नसेल तर हात लावायचा नाही," हे अंगात भिनलेलं. सीईटीच्या मॅथ्समध्ये तिनं ११ प्रश्न कोरे सोडले. बाहेर आल्यावर मैत्रिणीनं विचारलं, "अगं, चुकीला गुण कापत नाहीत, माहीत नव्हतं?" माहीत होतं. पण ऐन वेळी सवय जिंकली.

११ प्रश्न म्हणजे २२ गुण. प्रत्येकाला चार पर्याय. अगदी अंदाजपंचे दाहोदरसे केलं असतं तरी सरासरीनं दोन-तीन उत्तरं बरोबर आली असती, म्हणजे चार ते सहा गुण. आणि त्यातल्या पाच-सहा प्रश्नांत तर दोन पर्याय चूक आहेत हे तिला दिसत होतं! तिथे तर शक्यता निम्मी होती.

याचा अर्थ अभ्यास सोडून नुसते अंदाज करत बसा असा मुळीच नाही. आधी येणारे प्रश्न सोडवायचे, मग विचार करून जमणारे, आणि शेवटच्या पाच मिनिटांत उरलेले. पण सीईटीत एकही जागा कोरी ठेवायची नाही. जेईई मेन किंवा नीटही देणार असाल, तर त्या परीक्षांचे नियम वेगळे आहेत. म्हणून सराव पेपर सुरू करण्याआधी वरच्या कोपऱ्यात लिहा : "गुण कापतात" किंवा "गुण कापत नाहीत". हातालासुद्धा कळू द्या, आज कोणती परीक्षा आहे ते!

टक्के नव्हेत, पर्सेंटाइल!

संगणकावरची परीक्षा एकाच वेळी सगळ्यांची घेता येत नाही. ती बरेच दिवस, सकाळ-दुपार अशा सत्रांत चालते. प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा. मग कुणाला सोपा आला, कुणाला कठीण, तर न्याय कसा करायचा? म्हणून निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो.

समजा, तुमच्या सत्रात १००० मुलं होती. तुम्हाला ११० गुण मिळाले. तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण मिळालेली मुलं, तुम्हाला धरून, ९२० निघाली. तर तुमचं पर्सेंटाइल ९२. दुपारचा पेपर कठीण होता. तिथल्या एका मुलाला ९८ च गुण मिळाले, पण त्याच्याही सत्रात १००० पैकी ९२० मुलं त्याच्या बरोबरीची किंवा मागे होती. त्याचंही पर्सेंटाइल ९२. (खऱ्या निकालात मुलं खूप असतात, म्हणून हा आकडा दशांश चिन्हानंतर सात अंकांपर्यंत देतात.)

यातून दोन गोष्टी कळतात. एक, पेपर कठीण आला म्हणून हातपाय गाळायचे नाहीत, कारण तो तुमच्या सत्रातल्या सगळ्यांनाच कठीण आहे. दोन, ९२ पर्सेंटाइल म्हणजे ९२ टक्के नव्हेत. आमच्या या उदाहरणात २०० पैकी ११० म्हणजे अवघे ५५ टक्के!

पडद्याची सवय

ज्यांच्या घरी संगणक आहे त्यांना यात काही विशेष वाटणार नाही. पण तालुक्याच्या गावी राहून मोबाइलवरच सगळं पाहणाऱ्या मुलामुलींनी हे नीट वाचा. मोबाइलवर बोट फिरवणं आणि माऊस धरून तीन तास पडद्याकडे बघणं यात फरक आहे. पडद्यावरच्या आकृतीवर पेन्सिलीनं खुणा करता येत नाहीत, ती कच्च्या कागदावर काढून घ्यावी लागते. उत्तर निवडल्यावर ते जतन करायचं बटण दाबावं लागतं. उरलेला वेळ कोपऱ्यात सतत पळत असतो आणि पहिल्यांदा त्याचीच भीती वाटते.

उपाय सोपा आहे. चार-पाच जण मिळून सरांकडे जा आणि कॉलेजच्या संगणक कक्षात महिन्यातून दोन शनिवार मागून घ्या. तिथे ९० मिनिटांचा एक पेपर पूर्ण सोडवायचा, मध्ये उठायचं नाही. सहा-सात वेळा केलंत की भीती जाते.

बदल इथेच थांबत नाहीत. २०२६ च्या प्रवेशांसाठी ही सीईटी एप्रिल आणि मे अशी दोनदा घेण्याचं शासनानं २०२५ साली जाहीर केलं. दोन्ही वेळा बसणाऱ्याचं जास्त असेल ते पर्सेंटाइल धरायचं, असं ठरलं. तेव्हा या लेखातले आकडेही दरवर्षी ताडून पाहा. तुमच्या वर्षाची माहितीपुस्तिका सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर येते, ती स्वतः वाचा. क्लासच्या जाहिरातीवर विसंबू नका. आणि आमच्यावरही नाही!

आणि आई-बाबांसाठी थोडंसं

तुम्ही ज्या वाटेनं गेलात ती वाट आता थोडी वळली आहे. मामाचा सल्ला मात्र पुरता मोडीत काढू नका. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला बारावीच्या ठरलेल्या विषयांत खुल्या गटासाठी ४५ टक्के आणि राखीव गटांसाठी ४० टक्के अजूनही लागतातच. सीईटी उत्तम आणि बोर्डात कमी, तर प्रवेश हातचा जातो. पण आपल्या वेळच्या टक्क्यांशी मुलांच्या पर्सेंटाइलची तुलना करू नका. एखाद्या संध्याकाळी मुलांजवळ बसा, माहितीपुस्तिका उघडा आणि त्यांनाच म्हणा, "मला समजावून सांग बरं, तुझी परीक्षा कशी असते ते."

ज्याला ती आईला समजेल अशी सांगता आली, त्याची तयारी सुरू झाली असं समजा.