केबल गेली, पण झोप का गेली?

"डॉक्टर, आम्ही घरची केबल बंद करून टाकली," असे सांगणारे लोक आता दवाखान्यात वरचेवर भेटतात. सांगताना चेहऱ्यावर समाधान असते. मुलांचा अभ्यास होईल, महिन्याचे पैसे वाचतील, रोजच्या मालिकांची कटकट मिटेल, अशी त्यामागची कल्पना असते. पण मी झोपेची चौकशी केली की वेगळेच कळते. केबलच्या जागी स्मार्ट टीव्ही किंवा मोबाईलवर ओटीटी आलेले असते. पूर्वी साडेदहाला मालवला जाणारा दिवा आता एक वाजेपर्यंत जळत असतो. बैठकीतला टीव्ही बंद आणि पांघरुणात मोबाईल चालू!

वाचकहो, केबल चांगली की ओटीटी चांगले, हा वाद मला घालायचा नाही. दोन्हींत चांगले कार्यक्रम आहेत आणि टाकाऊही. आरोग्याच्या दृष्टीने खरा प्रश्न एकच आहे. कार्यक्रम थांबवतो कोण?

पूर्वी कार्यक्रम संपत असे

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी 'रामायण' लागे, तेव्हा रस्ते ओस पडत. पण भाग संपला की लोक उठून कामाला लागत, कारण पुढचा भाग आठ दिवसांनी असे. १९९१ च्या आखाती युद्धानंतर आपल्याकडे केबल पसरू लागली. १९९२ मध्ये झी टीव्ही आला. वाहिन्या वाढल्या, तरी प्रत्येक मालिकेला ठरलेली वेळ होती. उरलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी. मध्येच वीज गेली तर तो भाग बुडाला, आणि माणूस मुकाट्याने झोपी गेला.

२०१६ हे वर्ष बदलाचे ठरले. जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात आले आणि सप्टेंबरात जिओमुळे मोबाईलचा डेटा स्वस्त झाला. आता एक भाग संपतो न संपतो तोच पुढचा आपोआप सुरू होतो. आपली स्पर्धा लोकांच्या झोपेशी आहे, असे नेटफ्लिक्सचे तेव्हाचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज २०१७ साली उघडपणे बोलून गेले. व्यापारी म्हणून ते खरेच बोलले. पण या स्पर्धेत हरते ते आपले शरीर.

शरीरात काय होते?

प्रौढ माणसाला रोज किमान सात तास झोप हवी. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास, तर तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास.

रात्री पडद्याचा उजेड डोळ्यांत गेला की झोप आणणारे मेलाटोनिन हे संप्रेरक उशिरा स्रवते. त्यात 'पुढे काय होणार' ही उत्सुकता मेंदूला जागे ठेवते. गाढ झोपेत एरवी रक्तदाब खाली उतरतो. जागरणाने हा विसावा हृदयाला मिळत नाही. इन्सुलिनचे काम मंदावते आणि साखर वाढते. भूक वाढवणारी संप्रेरके जोर करतात, म्हणून रात्री बाराला फरसाणाचा डबा उघडला जातो.

पन्नाशीचे एक दुकानदार माझे जुने पेशंट आहेत. दोन वर्षे साखर ताब्यात होती, ती एकाएकी वाढली. पथ्य तेच, गोळी तीच. मग त्यांच्या पत्नीने सांगितले, "रात्री दीडपर्यंत सिरीज बघतात." गोळी वाढवण्याआधी मी त्यांना तीन आठवडे साडेदहाला मोबाईल स्वयंपाकघरात ठेवायला सांगितले. साखर पुन्हा खाली आली. सगळे श्रेय झोपेला देता येणार नाही, कारण मोबाईलबरोबर फरसाणही सुटले होते!

आपल्या जालन्यात सळईचे कारखाने आहेत. भट्टीजवळ, यंत्रावर पाळीने काम करणारे हजारो हात आहेत. तिथे दोन सेकंदांची डुलकीही जिवावर बेतू शकते. पहाटे अंबड, भोकरदन, मंठ्याच्या रस्त्यावर मोटारसायकल चालवणाऱ्यांनाही हेच लागू. अपुरी झोप घेऊन गाडी चालवणे हे दारू पिऊन चालवण्याइतकेच घातक ठरू शकते.

लहान मुले आणि घरातली म्हातारी माणसे

बैठकीतला टीव्ही सगळ्यांच्या देखत चालतो आणि लांबून पाहिला जातो. मोबाईल डोळ्यांपासून वीतभर अंतरावर असतो. पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडून चुरचुरतात. सतत जवळचे पाहणे आणि उन्हात न खेळणे यांमुळे लहान वयात चष्मा लागण्याचा धोका वाढतो. दोन वर्षांखालील बाळाला मोबाईल दाखवून घास भरवू नये. दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला एक तासाच्या वर पडदा नको.

केबल काढताना आजी-आजोबांना मात्र कुणी विचारत नाही. सातच्या बातम्या आणि ठरलेली मालिका हा त्यांचा दिवसाचा विरंगुळा असतो. नव्या रिमोटवरची इंग्रजी अक्षरे त्यांना उमगत नाहीत. मग त्या एकट्या बसून राहतात, जेवण कमी होते, आणि मुले म्हणतात, "वय झाले." त्यांच्यासाठी डीडी फ्री डिशची छत्री बसवता येते. तिला महिन्याचे भाडे नाही आणि त्यावर सह्याद्री वाहिनी दिसते.

काय करावे?

१. ओटीटीच्या सेटिंगमध्ये जाऊन पुढचा भाग आपोआप सुरू होणे बंद करावे. हे पाच मिनिटांचे काम आहे, मुलांकडून करून घ्यावे.

२. भाग सुरू करण्यापूर्वीच 'आज एकच' असे ठरवावे. जमल्यास संध्याकाळी, सर्वांनी मिळून पाहावा.

३. झोपण्यापूर्वी तासभर पडदा बंद. मोबाईल चार्जिंगला दुसऱ्या खोलीत लावावा. गजरासाठी साधे घड्याळ आणावे.

४. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे.

५. पडद्यासमोर जेवू नये, चरू नये.

६. रात्रपाळी करणाऱ्यांनी घरी आल्यावर मोबाईल हाती न घेता अंधाऱ्या खोलीत आधी झोप घ्यावी.

तीन आठवडे हे पाळूनही झोप लागत नसेल, घोरताना श्वास अडकत असेल किंवा मन सतत उदास राहत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत.

'जालना सोने का पालना' असे आपल्या गावाबद्दल अभिमानाने म्हटले जाते. केबल ठेवा किंवा काढा, तो तुमच्या खिशाचा प्रश्न आहे. पण पूर्वी केबलवर कार्यक्रम आपला आपण संपत असे, आता तो आपल्याला संपवावा लागतो. घरातल्या कर्त्या माणसाने आज रात्रीच दहाची वेळ ठरवावी, आणि आधी स्वतःचा मोबाईल बाजूला ठेवावा. मुले सांगितलेले ऐकत नाहीत, पाहिलेले करतात.