जुनी बेस गिटार पारखताना

गॅदरिंग जवळ आले, की कोणत्या तरी विद्यार्थ्याच्या मनात बेस गिटार घ्यायचे येते. तबला किंवा पेटी घ्यायची तर घरातले, निदान गल्लीतले, एखादे जाणते माणूस बरोबर जाते. बेस गिटारच्या बाबतीत तसे माणूस मिळणे कठीण. तसे हे वाद्य अहिल्यानगरला (२०२४ पर्यंतचे अहमदनगर) अगदीच परके नाही. १८३१ पासून येथे अमेरिकन मराठी मिशनचे काम होते आणि चर्चमधल्या समूहगायनाची परंपरा जुनी आहे. लग्नाच्या आणि गणेशोत्सवाच्या ऑर्केस्ट्रातही बेस असते. पण नवे वाद्य परवडत नाही, म्हणून पुण्या-मुंबईहून किंवा मोडलेल्या ऑर्केस्ट्राकडून जुने घ्यायचे ठरते आणि मुलगा विज्ञानाच्या शिक्षकांना विचारतो, “सर, बघायला येता का?”

सरांना गिटार वाजवता येत नसली तरी खुशाल जावे. जुन्या बेसची पारख बरीचशी ध्वनीच्या धड्यातच आहे.

या वाद्याचे दोष दोन प्रकारचे असतात. काही नव्या तारा आणि तासाभराची दुरुस्ती एवढ्यात जातात, तर काही काढायला वाद्याच्या किमतीपेक्षा जास्त खर्च येतो. विकणाऱ्याला हा फरक पुष्कळदा ठाऊक नसतो. धुळीने खरखरणारी चांगली गिटार तो स्वस्तात देतो आणि दांडी पिळलेली, पण चकचकीत गिटार महाग विकतो.

बेसला सहसा चार तारा असतात. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. बाकीच्या तिघींची कंपने ५५, ७३ आणि ९८. साध्या गिटारची सर्वांत जाड तार ८२ कंपनांची, म्हणजे बेस तिच्याहून बरोबर एक सप्तक खाली. तारेची कंपनसंख्या लांबी, ताण आणि दर मीटरला असलेले वस्तुमान या तिघांवर ठरते. खुंटी पिळली की स्वर चढतो, हे तमाशातला तुणतुणेवालाही सांगेल (अनंत फंदींचे संगमनेर याच जिल्ह्यातले). मग एक सप्तक खाली जायला तार नुसती सैल केली तर? कंपनसंख्या निम्मी करायला ताण एकचतुर्थांश करावा लागेल आणि अशी तार लुळी पडून पडद्यांवर फडफडेल. म्हणून बेसची तार लांब असते, सहसा ८६४ मिलिमीटर, आणि पोलादी गाभ्यावर दुसरी तार गुंडाळून ती जड केलेली असते. नुसती जाड सळई लावली असती तर ती ताठर होऊन उपस्वर बेसूर झाले असते.

एवढी जड तार स्वरात आणायची तर ताणही तेवढाच लागतो. एकेका तारेवर साधारण १५ ते २० किलो, चारी मिळून ७० ते ८० किलो. म्हणजे एक धडधाकट माणूस त्या लाकडी दांडीला वर्षानुवर्षे लटकून बसला आहे असे समजा. दांडीच्या पोटात एक पोलादी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. तारांच्या ओढीला ती उलट जोर देते.

म्हणून पहिली परीक्षा दांडीची. सुतार फळी डोळ्याला लावून पाहतो तसे डोक्याकडून खाली पाहावे. दोन्ही कडा एका पातळीत दिसल्या पाहिजेत. एक कड वर, दुसरी खाली दिसली तर दांडी पिळलेली आहे. तेव्हा गिटार खाली ठेवावी आणि चहा पिऊन परत यावे. नुसता बाक असेल तर तो मोजता येतो. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबून धरा. ताणलेली तार म्हणजे आयती सरळ पट्टी. मधल्या पडद्यांवर, सातव्या-आठव्याच्या आसपास, व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट हवी. रुपयाचे नाणे सहज सरकले तर बाक जास्त आहे. ट्रस रॉड फिरत असेल तर तो निघतो. म्हणून मालकाला तो पाव फेरा फिरवून दाखवायला सांगावे. रॉड अडकलेला किंवा शेवटपर्यंत आवळलेला असेल तर सौदा नको.

दुसरी परीक्षा स्वराची. १९५१ मध्ये अमेरिकेत लिओ फेंडर यांनी बाजारात आणलेल्या बेसचे नावच ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूक, असे होते. उभ्या डबल बेसला पडदे नसतात. तेथे वादक कानाने बोट सरकवून स्वर दुरुस्त करतो. पडदे आले तशी अचूकता वाद्याच्या भूमितीत गेली. पण भूमितीच चुकली असेल, तर वाजवणाऱ्याच्या हातात फारसे काही उरत नाही. नवशिक्या मुलाला मात्र आपलाच कान कच्चा वाटतो आणि महिन्याभरात वाद्य माळ्यावर जाते. हे नुकसान पैशांहून मोठे आहे.

तेव्हा बाराव्या पडद्याच्या नेमके वर तारेला बोट नुसते टेकवा, तार छेडा आणि बोट उचला. तार दोन समान भागांत कंप पावून घंटेसारखा स्वर निघेल. आता त्याच पडद्यावर तार दाबून वाजवा. दोन्ही स्वर एक हवेत. मोबाइलवरचा ट्यूनर हे दाखवतो. दाबलेला स्वर चढा असेल तर घोडीवरचा त्या तारेचा आधार मागे सरकवावा लागतो, उतरता असेल तर पुढे. आधार मागे सरकायला जागाच उरली नसेल तर सावध व्हावे. मात्र तारा गंजलेल्या असतील तर घाई नको. घाम आणि गंज यांनी तारेचे वस्तुमान सगळीकडे सारखे राहत नाही आणि चांगली गिटारही बेसूर वाटते. बेसच्या तारांचा संच बराच महाग असतो. त्याची किंमत आधी दुकानात विचारून ठेवावी आणि सौद्यात तेवढी वजा करावी.

मग प्रत्येक पडदा वाजवून पाहावा. एखाद्या जागी स्वर लवकर विझतो. त्या कंपनसंख्येला दांडी स्वतःच डोलू लागते आणि तारेची ऊर्जा पिऊन टाकते. महागड्या बेसमध्येही हे आढळते, त्यावरून भाव पाडू नये. पडद्यांची टोके बोटाला खुपली तर लाकूड वाळून आक्रसले आहे असे समजावे. अकोल्याच्या घाटाकडची ओल वेगळी आणि जामखेड-पाथर्डीची कोरडी हवा वेगळी. मुंबईहून पावसाळ्यात आणलेले वाद्य दोन आठवडे तसेच राहू द्यावे, मगच ट्रस रॉडला हात लावावा.

आवाज छोट्या स्पीकरवर ऐकून मत बनवू नये. ४१ कंपनांच्या ध्वनीची तरंगलांबी हवेत आठ मीटरहून जास्त असते. लहान स्पीकर तो जवळजवळ काढतच नाही. तरीही आपल्याला तो स्वर ‘ऐकू येतो’, कारण ८२, १२३, १६४ हे उपस्वर ऐकून मेंदू गाळलेला मूलस्वर स्वतःच भरतो. वर्गात करून पाहण्यासारखा प्रयोग आहे. खरेदी करताना मात्र चांगला हेडफोन लावावा. बटण फिरवताना होणारी खरखर ही धूळ असते, ती साफ होते. पिकअप म्हणजे चुंबकाभोवतीचे वेटोळे. पोलादी तार हलली की त्यात विद्युतदाब निर्माण होतो. एका तारेचा आवाज येतो आणि दुसरीचा नाही, तर आधी पिकअपची उंची पाहावी.

एका बाबतीत मात्र काटकसर नको. गिटारच्या तारा वायरीतून अँप्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. मंडपात अर्थिंग नसेल आणि अँप्लिफायरमध्ये बिघाड असेल, तर तारांवर बोटे आणि ओठांजवळ माइक अशा स्थितीत विजेचा मार्ग शरीरातून पूर्ण होतो. १९७२ मध्ये ब्रिटनमधील स्वान्सी येथे लेस्ली हार्वी हा गिटारवादक भर मंचावर अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून मरण पावला. शाळेचा मल्टिमीटर बरोबर न्यावा. अँप्लिफायरचा तीन पिनांचा प्लग सॉकेटमधून काढून ठेवावा आणि त्याची मोठी पिन ते अँप्लिफायरची धातूची पेटी, मग गिटार जोडून तीच पिन ते गिटारच्या तारा, असा रोध मोजावा. दोन्ही वेळा काटा शून्याजवळ आला पाहिजे.