गंधज्ञानाचा लोप आणि इंजेक्शनद्वारे उपचार

पंचेंद्रियांपैकी घ्राणेंद्रियाचे महत्त्व बहुधा ते गमावल्यावरच ध्यानात येते. करपणारे दूध, आंबलेली भाजी, स्वयंपाकघरातील गॅसची गळती यांची पहिली सूचना नाकच देत असते. गंध गेला की अन्नाची रुचीही जाते, जेवणावरची वासना उडते व मन खिन्न राहते. बाहेरून व्यंग दिसत नसल्याने घरच्यांना या दुःखाची कल्पना येत नाही.

नाकाच्या छताशी असलेल्या श्लेष्मल आवरणात गंधग्राहक चेतापेशी असतात. शरीरातील बहुतेक चेतापेशींहून वेगळे असे की, या पेशी नव्याने निर्माण होऊ शकतात. विषाणूंचा संसर्ग, डोक्यास झालेली इजा किंवा नाकातील पॉलिप यांमुळे गंधज्ञान मंदावते वा लोपते. २०२० पासूनच्या कोविड-१९ साथीत असंख्य रुग्णांनी हा अनुभव घेतला. बहुतेकांचा गंध कालांतराने परतला. काहींचा मात्र परतला नाही.

अशा रुग्णांसाठी अभ्यासला जाणारा एक उपचार म्हणजे 'पीआरपी' इंजेक्शन. रुग्णाचेच थोडे रक्त काढून यंत्रात वेगाने फिरवतात व प्लेटलेट्सनी समृद्ध असा द्रव वेगळा करतात. प्लेटलेट्समधील वृद्धिघटक ऊतींच्या दुरुस्तीस साहाय्य करतात. नाक बधिर करून, दुर्बिणीतून पाहत, हा द्रव गंधपेशींच्या जागी टोचला जातो.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉ. झारा पटेल व सहकाऱ्यांनी कोविडनंतर गंध गमावलेल्या रुग्णांवर केलेली चाचणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. दोन आठवड्यांच्या अंतराने तीन इंजेक्शने देण्यात आली. तीन महिन्यांनंतर पीआरपी गटातील सुमारे ५७ टक्के रुग्णांत, तर सलाइन दिलेल्या गटातील सुमारे ८ टक्के रुग्णांत लक्षणीय सुधारणा मोजली गेली. तथापि चाचणी पूर्ण करणारे रुग्ण केवळ २६ होते आणि रुग्णांनी स्वतः नोंदविलेल्या सुधारणेत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. म्हणून हा उपचार आशादायक असला, तरी सिद्ध झालेला म्हणता येत नाही.

त्यामुळे इंजेक्शनासाठी कर्ज काढण्यापूर्वी कुटुंबीयांनी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून गंधलोपाचे कारण निश्चित करून घ्यावे. पॉलिपसारख्या कारणावर निराळे उपचार आहेत. विषाणुसंसर्गानंतरच्या गंधलोपात 'गंधप्रशिक्षण' हा बिनखर्चाचा म्हणावा असा मार्ग आहे. जर्मनीतील प्रा. थॉमस हुमेल यांनी २००९ साली मांडलेल्या या पद्धतीत गुलाब, निलगिरी, लिंबू व लवंग यांचे वास दिवसातून दोनदा, किमान बारा आठवडे, एकाग्रतेने घ्यावयाचे असतात. सातत्य हेच येथे खरे औषध होय.

तोवर घरात गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र बसवावे, शिळे अन्न घरच्या दुसऱ्या व्यक्तीने पारखून द्यावे आणि 'वासच तर गेला' असे म्हणून रुग्णाच्या व्यथेकडे दुर्लक्ष करू नये, ही सर्व कुटुंबीयांस नम्र विनंती.